दोन सूत डावीकडं

हवालदार बोलायला लागण्याआधी अंगठा वर करत. उजवा हात पुढे ताणायचा, मूठ वळायची आणि अंगठा बरोबर नाकासमोर उभा करायचा. मग एक डोळा मिटायचा, लगेच तो उघडून दुसरा मिटायचा. असं तीनचार वेळा झालं की समोरच्याला हुकूम सुटे, "करा की तुमीबी." समोरच्याने निमूटपणे अंगठा धरून डोळे मिचकावले की मग तो ठरलेला प्रश्न यायचा.

"अंगठा हलला का न्हाई?"

हलायचाच. तुम्ही आत्ता करून पाहा, तुमचाही हलेल. अंगठा जागच्या जागी असतो, पण एका डोळ्याला तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या डावीकडे दिसतो आणि दुसऱ्याला उजवीकडे. "ह्या दोन दिसण्यांच्या मधी जी फट हाय ना," हवालदार म्हणत, "त्या फटीत समदी खोली बसलीया, लांबचं-जवळचं समदं. दोन्ही डोळं उघडं ठेवायचं, बास."

एकदा तासगावच्या स्टँडवर ते एकाला हे समजावत असताना रांगेतल्या एका बाईंना वाटलं, हा मिशीवाला आपल्याकडे बघूनच डोळे मारतोय. बाईंनी पिशवी उगारली, कंडक्टर मधे पडला. हवालदारांनी शांतपणे बाईंनाच अंगठा धरायला लावला. पाच मिनिटांत सगळी रांग अंगठे उभे करून डोळे मिचकावत होती, आणि सांगली गाडी त्या दिवशी उशिरा सुटली.

मला त्यांनी हा प्रश्न किती वेळा विचारला असेल याची गणतीच नाही. दर वेळी मी म्हणायचो, "हलला की." आणि दर वेळी खोटं बोलायचो.

आता हे सांगूनच टाकतो, कारण हे सांगितल्याशिवाय हवालदार तुम्हाला कळायचे नाहीत. माझा डावा डोळा लहानपणापासून कामातून गेलेला आहे. वरून बघाल तर ठणठणीत दिसतो. पण त्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं होतं की उशीर झाला, हा डोळा बघायला शिकलाच नाही. पुढे साताऱ्यात एका स्टुडिओत मी कामाला लागलो. तिथले मालक कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणायचे, "फोटोवाल्याला एकच डोळा पुरतो, दुसरा मिटायलाच असतो." ते वाक्य ऐकलं आणि माझा धंदा ठरला. जिथे सगळेच एक डोळा मिटून काम करतात, तिथे माझं उणं कुणाला दिसणार? तासगावात स्वतःचा स्टुडिओ टाकला, लग्नांचे, पासपोर्टचे फोटो काढले, आणि ‘ह्याची नजर चांगली’ असं नाव मिळवलं. त्या नावाला मी जिवापलीकडे जपत होतो.

नव्वद सालाच्या आगेमागे हवालदार फौजेतून रिटायर होऊन आले आणि माझ्या काउंटरवर फिल्मचा एक रोळ ठेवून म्हणाले, "जरा धुऊन द्या. पर जपून. आत थेंब हायत."

मला वाटलं रोळ भिजलाय. धुतल्यावर कळलं की त्यात खरोखरच थेंब होते. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत पाण्याचे थेंब. द्राक्षाच्या पानाच्या टोकाला लोंबणारे, मांडवाच्या तारेवर ओळीनं बसलेले, कोळ्याच्या जाळ्यात अडकलेले. एकेक थेंब सुपारीएवढा मोठा, आणि त्याच्या पोटात अख्खी बाग उलटी. मी धंद्यातला माणूस. मला असे फोटो काढता येत नव्हते, आणि काढावेत हे सुचलंही नव्हतं.

"लेन्स कुठली वापरता?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

त्यांनी पिशवीतून जुना रशियन बनावटीचा कॅमेरा काढला. लेन्स उलटी लावलेली होती! पुढची बाजू मागे, आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळलेली. मी हसलो. ते म्हणाले, "हसा की. पर उलटी लावली की जवळचं लय मोठं दिसतंय." हे मला माहीत नव्हतं. ते गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढून माझी लेन्स काढली आणि उलटी धरून पाहिली. म्हाताऱ्याचं खरं होतं.

पण खरी गंमत तिथे नव्हती. प्रत्येक थेंबाचे त्यांनी दोन-दोन फोटो काढले होते, अगदी सारखे. फिल्म वाया घालवली, असं मला वाटलं. हवालदारांनी समजावलं. द्राक्षपेटीच्या फळीचा त्यांनी एक छोटा पाट केला होता; त्यावर कॅमेरा सरकायचा. एक फोटो काढायचा, कॅमेरा दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाजूला सरकवायचा, दुसरा फोटो काढायचा. मधल्या वेळात वारा सुटता कामा नये, थेंब पडता कामा नये, आणि स्वतः श्वास सोडता कामा नये. मग ते दोन फोटो शेजारी-शेजारी चिकटवून पेढ्याच्या खोक्यात घालायचे. खोक्याला आतून काळा रंग, पुढे जुन्या चष्म्याची दोन भिंगं, मधे नाक घालायला खाच. डाव्या डोळ्याला डावा फोटो, उजव्याला उजवा. "मग बगा," ते म्हणाले, "थेंब कागदावरनं उठून तुमच्याकडं येतोय."

हे ते फौजेत शिकले होते. त्यांची नेमणूक नकाशाच्या कामावर होती. विमानातून काढलेले जमिनीचे दोन-दोन फोटो अशाच भिंगांतून बघायचे आणि डोंगर किती उंच, नाला किती खोल ते सांगायचं. "पयल्यांदा डोंगर उठला तवा मी खुर्ची मागं घेतली," ते सांगत. "वाटलं, नाकाला लागतोय." रिटायर झाल्यावर डोंगराचे फोटो कोण देणार? म्हणून मग त्यांनी थेंब धरले.

मी खोक्याला डोळे लावले. शेजारी-शेजारी दोन थेंब, म्हणजे माझ्यापुरता उजवीकडचा एक. कागदावर, सपाट.

"आला का पुढं?" हवालदारांनी विचारलं.

"वा," मी म्हणालो. "काय आलाय!"

झालं. एकदा असं बोलल्यावर मागे फिरता येत नाही. हवालदारांना वाटलं, तासगावात आपल्याला एक जाणकार भेटला. ते दर आठवड्याला यायला लागले, आणि खोका माझ्याच काउंटरवर ठेवून जायला लागले. "येनाऱ्या-जानाऱ्याला बगू द्या," म्हणाले.

तुम्ही कधी स्वतःच्या दुकानात दुसऱ्याचं कौतुक विकलंय? रोज कोणी ना कोणी त्या खोक्यात डोकवायचं आणि ओरडायचं, "आगाई!" पासपोर्ट फोटोला आलेल्या एका गुरुजींनी थेंब अंगावर पडेल म्हणून चष्मा काढून खिशात ठेवला. एका नव्या नवरीनं हवेत बोट फिरवून थेंब पुसायचा प्रयत्न केला. मी तिचे एवढे फोटो काढले, त्या अल्बमकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. बेदाण्याचे एक व्यापारी तर अर्धा तास खोक्यातून नाक काढेनात. मी काउंटरमागे उभा राहून हसत होतो आणि आतून जळत होतो. एक दिवस माझी बायको डबा घेऊन आली, तिनं सहज आत पाहिलं, आणि ती मोठ्यानं हसली. अगदी मुलीसारखी, खळखळून. आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. माझ्या एकाही फोटोला ती तशी हसली नव्हती.

"तुम्हाला दिसतं ना हे?" तिनं विचारलं. माझा डोळा अधू आहे एवढं तिला ठाऊक होतं.

"न दिसायला काय झालं?" मी खेकसलो. तिनं पुन्हा विचारलं नाही.

मत्सर विचित्र असतो. मला हवालदारांच्या चुका काढायचा नाद लागला. एकदा मी त्यांना सल्ला दिला की पाण्यात ग्लिसरीन घाला, थेंब तासभर हलणार नाही, आरामात फोटो काढा. मोठमोठे लोक तसंच करतात. हवालदारांनी मान हलवली. "नगं. तो थेंब पडायचं इसरतो. मग त्येला कशाला बगायचं?" घरी जाऊन मी तो राग रात्रीच्या जेवणावर काढला.

त्यांच्या घरीही हा उद्योग कुणाला आवडत होता असं नाही. धुकं पडलं, पानांवर दव साचलं की द्राक्षावर रोग येतो. आसपासचे बागाईतदार फवारणीचे पंप घेऊन धावत. हवालदार कॅमेरा घेऊन धावत. वहिनी बांधावरून ओरडत, "आवं, बाग चालली! आदी औशीद मारा!" आणि मांडवाखाली गुडघ्यावर बसलेल्या हवालदारांचा दबका आवाज येई, "बोलू नगंस. थेंब हलतोय."

मग सांगलीचं प्रदर्शन आलं. जिल्ह्यातल्या फोटोवाल्यांनी मिळून एका हॉलमध्ये भरवलेलं. मी एक फोटो पाठवला होता: सुरकुतलेला म्हातारा, पागोटं, ओठात बिडी. त्या काळी जिल्ह्यात असा फोटो न काढलेला म्हातारा उरला नव्हता. हवालदारांनाही मीच फॉर्म आणून दिला. का दिला? माझा मोठेपणा दिसावा म्हणून, आणि पुण्याहून येणारे परीक्षक पेढ्याचा खोका बघून हसतील अशी मनातून आशा होती म्हणून.

बारा जोड्या मी छापून दिल्या. आतापर्यंत कार्डावर चिकटवायचं काम हवालदार स्वतः माझ्या दुकानात बसून करत. पण या वेळी त्यांच्या बागेची छाटणी चालू होती, माणसं लावलेली. ते घाईघाईत आले आणि म्हणाले, "तुमीच चिकटवा. तुमाला काय, खोक्यात घालून बगितलं की डावं-उजवं कळंलच."

"कळेल की," मी म्हणालो.

दुपारची वेळ होती. मी पहिली जोडी घेतली, खोक्यात ठेवून पाहिली. मग डावा-उजवा फोटो अदलाबदल करून पाहिली. दोन्ही वेळा तेच. सपाट थेंब. डबा घेऊन आलेली माझी बायको आतल्या खोलीत डाळ निवडत होती, दहा पावलांवर. "जरा हे बघ गं," एवढं म्हणायचं होतं. मी नाही म्हटलं. निगेटिव्ह काढली, उजेडात धरली आणि डोकं लढवलं. आधी काढलेला फोटो कुठला ते नंबरांवरून कळतच होतं. कुठलाही माणूस डावीकडूनच सुरुवात करणार, पाटी असो की वही. तेव्हा पहिला तो डावा, दुसरा तो उजवा. बाराही कार्डं मी त्या हिशेबाने पक्की चिकटवली आणि वर वजन ठेवलं.

हवालदार उजवीकडून सुरुवात करत. त्यांच्या पाटाचा खिळा उजव्या टोकाला होता. त्याला टेकवून पहिला फोटो, मग दोन सूत डावीकडं. दोन वर्षं मी त्यांचे रोळ धूत होतो, आणि हे मी कधी विचारलं नव्हतं.

डावं-उजवं उलटं झालं की काय होतं ते तुम्हाला सांगायला हवं. पुढचं मागे जातं आणि मागचं पुढे येतं. थेंब उठत नाही, बुडतो. सांगलीच्या हॉलमध्ये पुण्याचे परीक्षक वाकले, एक कार्ड पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि म्हणाले, "अहो, हे खड्डे कसले? पानाला भोकं पडल्यासारखं दिसतंय." मागच्या दोघातिघांनी डोकावलं. कुणीतरी हसलं.

हवालदारांनी खोका उचलून स्वतःच्या डोळ्यांना लावला. एक कार्ड, दुसरं, तिसरं. बारा पूर्ण केली. मग खोका खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. गणित सुटलेल्या माणसासारखं. आधी माझ्या उजव्या डोळ्याकडे, मग डाव्या. डाव्यावर त्यांची नजर जरा जास्त वेळ थांबली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते परीक्षकांना म्हणाले, "माजी चूक झाली सायेब. ह्येनला मीच उलटं सांगितलं हुतं. फोटूवाल्याचा दोष न्हाई."

परीक्षक मान हलवून पुढे गेले. पुढच्याच भिंतीवर माझा म्हातारा होता. त्याला तिसरं बक्षीस मिळालं. माझं नाव पुकारलं तेव्हा हॉलमध्ये सगळ्यात मोठ्यानं टाळ्या कुणी वाजवल्या ते मी सांगायला नको. तोवर हवालदारांनी कुणाकडून तरी ब्लेड मागून आणलं होतं. बाराही कार्डं मधोमध कापली, बाजू बदलल्या आणि मागून चिकटपट्टी लावली. संध्याकाळी हॉल झाडायला आलेल्या बाईंनीच तेवढं ते सगळं पाहिलं. "आगाई," त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो. माझ्या मांडीवर सर्टिफिकेट, त्यांच्या मांडीवर खोका. कवठे-एकंद मागे पडल्यावर हवालदारांनी सवयीनं हात पुढे केला, अंगठा खिडकीच्या गजासमोर धरला, एक डोळा मिटला. आणि मग काहीतरी आठवल्यासारखं हात हळूच खाली घेतला. प्रश्न विचारलाच नाही. त्यानंतर त्यांनी मला तो कधीच विचारला नाही. त्यांना कळलंय हे मला कळलं, आणि खरं सांगतो, मी त्या माणसाचा मनापासून दुस्वास केला. त्यांनी चारचौघांत माझी अब्रू काढली असती तर आमची फिट्टंफाट झाली असती. आता माझ्यापेक्षा चांगला माणूस असण्याचं श्रेयही त्यांच्याच खात्यात गेलं होतं.

पुढे त्यांचे रोळ यायचे कमी झाले. येत ते अधूनमधून, चहा पीत, द्राक्षं देत. पण काम आणत नसत. मग मला ते स्टँडवर दिसायला लागले. सांगलीच्या कलर लॅबचं पाकीट हातात. एकदा, दोनदा, महिन्यातून तीनदा. ती लॅब नवी होती, तिथे गार हवेचं मशीन होतं, आणि मालक माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण. त्याचे दोन्ही डोळे चांगले असणार. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून ते पाकीट बघायचो आणि बायकोला म्हणायचो, "गेला म्हातारा, आपल्याला सोडून गेला. चूक काय माणसाकडून होत नाही?" ती डबा उघडून पुढ्यात ठेवी. प्रदर्शनानंतर पुन्हा माझ्याच काउंटरवर आलेला खोका मी उचलून कपाटाच्या वर टाकला. गिऱ्हाइकं विचारत, थेंब कुठं गेले? मी सांगायचो, सांगलीला.

दशक संपत आलं होतं तेव्हा हवालदार गेले. सकाळी बागेत, मांडवाखाली. वहिनींना वाटलं फोटो काढतायत, म्हणून बराच वेळ त्यांनी हाकच मारली नाही.

दिवस झाल्यावर वहिनी स्टुडिओत आल्या. मी खुर्ची दिली. त्यांनी पदराखालून रुमालात बांधलेलं काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं.

"हे तुमचं हाय म्हनाले हुते. अजून नीट हलत न्हाई, झालं की देतो म्हनायचं. ऱ्हायलंच."

रुमालात फोटोंची एक जाड गड्डी होती, काड्यापेटीहून थोडी मोठी. एका कडेनं भोकं पाडून शिवलेली, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी. सगळे फोटो एकाच थेंबाचे. तारेवरचा थेंब, मागे बागेची ओळ.

"सांगलीचा लॅबवाला वैतागला हुता," वहिनी म्हणाल्या. "ह्यो एकच थेंब किती येळा छापायचा म्हनून. कागद जाड आला की फिरत न्हाई, पातळ आला की वळतोय. मी म्हनलं, आवं, फोटूवाल्यांस्नी द्या की छापाय. तर म्हनं, त्येनला कळंल." त्यांनी रुमालाची घडी घातली. "चार म्हैनं डाव्या डोळ्याला रुमाल बांदून बागंत हिंडत हुते. भावकीतली इचारायची, डोळं आलं का? काय सांगायचं?"

मी गड्डी उलटी केली. प्रत्येक फोटोच्या मागे, बरोबर मधोमध, पेन्सिलीनं भलंमोठं अक्षर होतं. डा. उ. डा. उ. आंधळ्यालाही चुकता येणार नाही असं.

मग ती सुलटी धरली, अंगठा कडेवर ठेवला आणि फोटो फरफर सोडले. डावा, उजवा, डावा, उजवा, दोन्ही माझ्या एकाच डोळ्यापुढे. मागची बाग इकडून तिकडे झुलली, तार थरथरली, आणि थेंब त्या सगळ्याच्या पुढे आला. तारेपासून सुटून, बागेपासून लांब, माझ्या बाजूला. मी मागे सरलो. बसलेलो असतो तर खुर्ची मागे घेतली असती. माझं वय तेव्हा त्रेचाळीस होतं आणि कुठलीही वस्तू दुसरीच्या पुढे असते म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा बघत होतो. पुन्हा सोडले. पुन्हा आला.

"बगू," वहिनी म्हणाल्या. त्यांच्यासमोर मी गड्डी धरून तीनदा फिरवली. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि निराश होऊन पदर सावरला.

"ह्यात काय हाय वं? नुसतं हलतंय की."

"व्हय वहिनी," मी म्हणालो. "हलतंय."